शुश्रूषा आणि श्रद्धा
(गीता, अध्याय १८, श्लोक १४ : गृहस्थाश्रमातील एक मनन)

गीतेचे पारायण घरोघरी होते; परंतु तिच्यातील एखादा श्लोक आपल्यासाठीच सांगितला आहे, असा प्रत्यय बहुधा संकटाच्या घडीलाच येतो. पती किंवा पत्नी शस्त्रक्रियागृहाच्या दाराआड आहे आणि आपण बाहेरच्या बाकावर बसलो आहोत, ही अशीच एक घडी होय. त्या वेळी आस्तिकाच्या मनात दोन प्रश्न उठतात. शस्त्रवैद्य कुशल आहे, औषधे उत्तम आहेत. मग प्रार्थनेचे प्रयोजन काय? आणि निष्काम कर्म शिकविणाऱ्या गीतेच्या अभ्यासकाने आपल्या माणसासाठी देवाजवळ मागणे मागावे, हे त्याला शोभते काय?

प्रस्तुत लेखकाला हे प्रश्न ग्रंथ वाचताना सुचलेले नाहीत. दोन वर्षांपूर्वी पौष महिन्यात दिल्लीतील एका रुग्णालयात माझ्या पत्नीच्या पोटाची मोठी शस्त्रक्रिया झाली. बाहेर धुके इतके दाट होते की समोरचा रस्ताही दिसत नव्हता. तिचे मंगळसूत्र आणि बांगड्या रुमालात बांधून परिचारिकेने माझ्या हाती दिल्या आणि दार बंद झाले. मी विष्णुसहस्रनाम म्हणू लागलो. बाळपणापासून मुखोद्गत असलेले ते स्तोत्र. पण तीन वेळा मध्येच चुकलो आणि तीन वेळा पुन्हा प्रारंभ केला. शेवटी स्तोत्र बाजूस राहिले व मन देवाशी सौदा करू लागले : हिला बरी कर, मी अमुक अनुष्ठान करीन, तमुक सोडीन. वीस वर्षे इतरांना कर्मयोगाचा अर्थ समजावून देणाऱ्याची ही अवस्था होती. ती येथे सांगतो, कारण पुष्कळांची अवस्था अशीच होत असेल.

आर्ताची प्रार्थना

सातव्या अध्यायाच्या सोळाव्या श्लोकात भगवंतांनी आपल्याला भजणाऱ्या पुण्यवंतांचे चार प्रकार सांगितले आहेत : आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. ज्ञान्याची थोरवी वेगळीच आहे. तथापि अठराव्या श्लोकात चौघांनाही त्यांनी उदारच म्हटले आहे. म्हणजे दुःखाने व्याकुळ होऊन देवाला हाक मारणारा माणूस भक्तांच्या पंक्तीतून उठविलेला नाही. ही भगवंतांची फार मोठी कृपा होय. रुग्णालयाच्या बाकावर बसलेल्या माणसाने आपल्या मागण्याची लाज बाळगण्याचे कारण नाही.

मात्र आर्त निराळा आणि व्यापारी निराळा. आर्त आपले दुःख देवापुढे ठेवतो. व्यापारी देवापुढे अटी ठेवतो. मी त्या दिवशी एकाच तासात आर्ताचा व्यापारी झालो होतो. या घसरणीतून वर कसे यावे, हे अठरावा अध्याय सांगतो.

पाच कारणे

कोणतेही कर्म सिद्धीस जाण्यास पाच कारणे लागतात, असे अठराव्या अध्यायाच्या चौदाव्या श्लोकात सांगितले आहे : अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणे, नाना प्रकारच्या चेष्टा, आणि पाचवे दैव. श्रीमच्छंकराचार्यांनी अधिष्ठान म्हणजे शरीर असा अर्थ केला आहे आणि दैव म्हणजे इंद्रियांवर अनुग्रह करणाऱ्या आदित्यादी देवता असे म्हटले आहे. श्रीरामानुजाचार्यांच्या मते दैव म्हणजे अंतर्यामी परमात्मा, आणि कर्मसिद्धीचा प्रधान हेतू तोच. अर्थ कोणताही घ्या. दैव हे पाचांपैकी एक आहे. पहिली चार टाकून केवळ पाचव्यावर भार टाकावा असे गीता म्हणत नाही, आणि पाचव्याला वगळून चारांचा अभिमान धरावा असेही म्हणत नाही. केवळ आपणच कर्ते आहोत असे जो पाहतो त्याची बुद्धी संस्कारहीन, असे सोळाव्या श्लोकाचे तात्पर्य आहे.

महाराष्ट्रातील एक प्रसंग या श्लोकाचे जणू भाष्यच आहे. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात महात्मा गांधींच्या आंत्रपुच्छावर शस्त्रक्रिया झाली. ते तेव्हा येरवड्याचे बंदी होते आणि शस्त्रवैद्य होते कर्नल मॅडॉक, म्हणजे ज्या सरकारने त्यांना कैदेत ठेवले त्याच सरकारचे अधिकारी. शस्त्रक्रिया चालू असता वादळी पावसाने वीज गेली आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे करावे लागले. रुग्णाचे शरीर हे अधिष्ठान, कुशल वैद्य हा कर्ता, शस्त्रे आणि तो कंदील ही करणे, साहाय्यकांची धावपळ ही चेष्टा. आणि वादळ? ते कोणाच्याही हाती नव्हते. वैद्याने वादळाची तक्रार केली नाही. त्याने दुसरा दिवा मागितला. मनुष्याच्या हाती तेवढेच असते, आणि तेवढे त्याने केलेच पाहिजे.

परिचारकाचे स्थान

आता असा प्रश्न येतो की या पाच कारणांत बाकावर बसलेल्या पतीचे स्थान कोठे? आपल्या आयुर्वेदाने याचे स्पष्ट उत्तर दिले आहे. चरकाचार्यांनी चिकित्सेचे चार पाद सांगितले : वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाचे चार गुण असे : सेवेची माहिती, दक्षता, रुग्णाविषयी प्रेम आणि शुचिता. रोग्याचेही चार गुण आहेत : स्मरण, वैद्याच्या आज्ञेचे पालन, निर्भयता, आणि आपल्याला काय होते ते नीट सांगता येणे. जवळचा माणूस धीराचा असेल तर रोग्याची निर्भयता टिकते.

सुश्रुताचार्य तर शस्त्रवैद्यांचे आद्य आचार्य. त्यांनी शस्त्रकर्मानंतर व्रणावर पट्टी बांधून झाल्यावर रोग्यासाठी रक्षामंत्र म्हणण्यास सांगितले आहे. मंत्र आहे, पण तो पट्टीच्या ऐवजी नाही, पट्टीनंतर आहे. पुढे व्रणिताच्या परिचर्येसाठी त्यांनी एक स्वतंत्र अध्यायच दिला. खोली स्वच्छ असावी, तिच्यात वारा व ऊन झोंबू नये, आणि प्रिय बोलणारे सुहृद जवळ बसून गोष्टी सांगत असावेत, म्हणजे व्रणाच्या वेदनेचा विसर पडतो. शस्त्र आणि श्रद्धा यांचे भांडण आपल्या परंपरेने कधी लावलेच नाही.

एकादशीचा पेच

शस्त्रक्रिया पार पडली आणि आठव्या दिवशी पत्नीला घरी आणले. खरी परीक्षा तेथे सुरू झाली. दोन दिवसांनी एकादशी होती. वैद्यांनी सांगितले होते की जखम भरून येण्यासाठी वरण, दूध, पनीर असा पौष्टिक आहार वेळच्या वेळी पोटात गेलाच पाहिजे. आदल्या रात्री ती म्हणाली, ‘‘अहो, लग्न झाल्यापासून एकही एकादशी मोडलेली नाही. देवाने मला परत पाठवले, आणि मीच त्याचा उपास मोडू?’’

वैद्यांचा आधार देऊन मी तिला गप्प बसवू शकलो असतो. पण त्याने तिचे मन दुखावले असते, आणि दुखावलेल्या मनाने घेतलेला घास अंगी लागत नाही. मी तिला सहाव्या अध्यायातील सतरावा श्लोक समजावून दिला. ज्याचे खाणे, फिरणे, झोपणे, जागणे प्रमाणात आहे त्याचाच योग दुःख नाहीसे करतो. सतराव्या अध्यायात तर देहाला आणि देहात राहणाऱ्या भगवंतालाही कृश करणाऱ्या अशास्त्रीय तपाची निंदा आहे. तिने ऐकले, पण डोळे भरलेलेच होते.

तेव्हा मी निर्णयसिंधू काढला. पैठणहून काशीस गेलेल्या भट्ट घराण्यातील कमलाकरभट्टांनी १६१२ मध्ये रचलेला हा ग्रंथ आजही आपल्या व्रतांचा आधार आहे. त्यात प्रतिनिधीचा विचार आहे : पतीचे व्रत पत्नीने करावे, तसे पत्नीचे पतीने करावे. मी म्हणालो, ‘‘तुझी एकादशी उद्या मी करतो. तू जेव.’’ ती थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, ‘‘मग पारणे मी वाढीन.’’ दुसऱ्या दिवशी शेजारच्या पंजाबी मावशींनी मूगडाळीची खिचडी आणली, ती तिने समाधानाने खाल्ली. सौदा करणारे माझे मन त्या दिवशी प्रथम शांत झाले. कारण देवाला काही देऊ करण्याऐवजी मी पत्नीच्या वाट्याचे थोडे उचलले होते.

कस्तुरबांचे उदाहरण

दिल्लीत जामा मशिदीजवळ कस्तुरबांच्या नावाचे रुग्णालय आहे. त्या पाटीवरून पुष्कळांची नजर जाते. परंतु कस्तुरबांच्या स्वतःच्या शस्त्रक्रियेची हकीकत थोड्यांनाच ठाऊक असेल. १९०९ च्या प्रारंभी दक्षिण आफ्रिकेत डर्बान येथे ती झाली. त्या इतक्या अशक्त होत्या की क्लोरोफॉर्म न देताच शस्त्र चालवावे लागले, आणि त्यांनी ते धैर्याने सोसले. पुढे प्रकृती खालावली तेव्हा डॉक्टरांनी गोमांसाचा रस देण्याचा आग्रह धरला. गांधींनी निर्णय पत्नीवर लादला नाही. त्या क्षीण अवस्थेतही तिलाच विचारले. कस्तुरबांनी ठाम नकार दिला. देह भ्रष्ट करण्यापेक्षा पतीच्या मांडीवर मरण आलेले बरे, असा त्यांचा भाव होता. मग झिमझिम पावसात रिक्षा, आगगाडी आणि शेवटी झोळी असा प्रवास करून गांधींनी त्यांना फिनिक्स आश्रमात नेले. वाटेसाठी गरम दूध, गरम पाणी आणि झोळी उचलणारी माणसे यांची तजवीज त्यांनी आधी निरोप धाडून केली होती. श्रद्धा पत्नीची होती. तिच्यासाठी गरम दुधाची बाटली मिळविणे हे पतीचे काम होते.

काही काळाने रक्तस्राव पुन्हा सुरू झाला. गांधींनी मीठ व डाळी सोडण्यास सुचविले. कस्तुरबा म्हणाल्या की तुम्हालाही ते सुटणार नाही. गांधींनी तत्काळ स्वतः एक वर्षासाठी दोन्ही सोडले, आणि मग कस्तुरबांनीही सोडले. यातून आहाराचे औषध शिकू नये. ते ज्याच्या त्याच्या वैद्यास विचारावे. शिकावयाचे ते एवढेच की रुग्णाला पथ्य सांगणाऱ्याने ते आधी स्वतः पाळावे.

कस्तुरबा त्या दुखण्यातून बऱ्या झाल्या. पुढे २२ फेब्रुवारी १९४४ रोजी पुण्याच्या आगाखान महालात, बंदिवासात, पतीच्या मांडीवरच त्यांनी देह ठेवला. तेव्हा प्रार्थना कमी पडली काय? ज्यांच्या घरचे माणूस रुग्णालयातून परत आले नाही, त्यांची श्रद्धा उणी होती काय? असे म्हणणे हा श्रद्धेचाच अपमान होय. फळ पाचही कारणांच्या मेळाने येते. प्रार्थना त्या फळाची किंमत नव्हे. प्रार्थनेने सेवा करणाऱ्याचा हात थरथरत नाही, एवढे मात्र मी अनुभवाने सांगू शकतो.

‘शुश्रूषा’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’ असा आहे. जो गुरूचे ऐकतो तो त्याची सेवा करतो. जो रुग्णाचे ऐकतो तोच त्याची शुश्रूषा करतो. देवाला पुष्कळ ऐकवून झाल्यावर मला पत्नीचे ऐकता आले, ही माझ्या प्रार्थनेची फलश्रुती होय.

नित्य मननासाठी

१. घरात आजारपण असेल तेव्हा अठराव्या अध्यायातील श्लोक १३ ते १६ रोज वाचावेत, आणि पाचांपैकी आज आपल्या हाती काय आहे ते ठरवून ते आधी करावे.

२. औषधाची वेळ आणि जपाची वेळ एकच आली तर औषध प्रथम द्यावे. ते देतानाही नाम घेता येते.

३. देवापुढे दुःख सांगावे, अट घालू नये.

४. रुग्णाचे एखादे व्रत अडत असेल तर शास्त्राने दिलेली सवलत प्रेमाने सांगावी, आणि शक्य तर ते व्रत स्वतः उचलावे.

५. दिवसातून एकदा तरी रुग्णाजवळ काहीही न बोलता बसावे, आणि तो काय म्हणतो ते ऐकावे.