आधी जाकीट, मग वळकटी

(कोकणच्या किनाऱ्याने केलेल्या दोन जलप्रवासांच्या आठवणी लेखकाने या पाठात सांगितल्या आहेत. जहाजावर राहताना कोणती काळजी घ्यावी आणि ती का घ्यावी, हे त्यांतून आपल्याला कळते.)

मुलांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी आगगाडीचा आणि मोटारीचा प्रवास केला असेल. काहींनी विमानाचाही केला असेल. परंतु समुद्रावर रात्र काढण्याचा योग थोड्यांनाच येतो. मला तो योग अनेकदा आला. पण त्यांतले दोन प्रवास माझ्या मनात कायमचे राहिले आहेत. पहिल्या प्रवासात मी नातू होतो, दुसऱ्या प्रवासात आजोबा.

1970 साली मी दहा वर्षांचा होतो. मे महिन्याच्या सुट्टीत आजीबरोबर मी मुंबईहून मालवणास निघालो. त्या काळी कोकण रेल्वे झालेली नव्हती, घाटांतील वाटही अवघड होती. त्यामुळे कितीतरी चाकरमाने भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने गावी जात. धक्क्यावर ट्रंका, करंड्या आणि वळकट्या यांची एकच गर्दी उसळलेली असे. बोटीवर पाऊल पडताच जो तो डेकवर धावत सुटे आणि वळकटी पसरून आपली जागा धरी. आजीने मात्र वळकटीला हात लावला नाही. ती मला म्हणाली, "आधी जाकीट कुठं आहे ते बघून ये. मग वळकटी सोडू."

मी ओशाळून म्हणालो, "आजी, लोक हसतायत."

"हसू देत," एवढेच ती म्हणाली आणि समुद्राकडे पाहत राहिली.

मालवणला बोट किनाऱ्यापासून दूर थांबली. पडाव आले, आणि आम्ही एकेक जण त्यांत उतरलो. त्या गमतीत जाकिटाची गोष्ट मी विसरून गेलो. आजीच्या त्या वागण्याचे कारण मला पुढे वडिलांकडून कळले. आजीचे माहेर अलिबागेकडचे. 17 जुलै 1947 रोजी सकाळी तिचा धाकटा भाऊ भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणाऱ्या 'रामदास' बोटीत बसला. पावसाळ्याचे दिवस होते, समुद्र खवळला होता. वाटेत प्रचंड लाटेने बोट एका अंगाला कलली. घाबरलेले उतारू एका बाजूला धावले, आणि थोड्याच वेळात बोट उलटली. सहाशेहून अधिक माणसे त्या दिवशी बुडाली. कोळी बांधवांनी आपल्या होड्यांतून काहींना वाचवले. आजीचा भाऊ त्यांत नव्हता. तेव्हापासून आजीने बोटीचा प्रवास सोडला नाही, पण जाकीट पाहिल्यावाचून ती कधी टेकलीही नाही.

पन्नासांहून अधिक वर्षे लोटली. आता लोक केवळ गावी पोहोचण्यासाठी नव्हे, तर सुट्टी घालवण्यासाठीही जहाजावर जातात. अलीकडे एका हिवाळ्यात मी, माझी पत्नी आणि सहावीत शिकणारी आमची नात असे तिघे मुंबईहून गोव्यास जाऊन परत येणाऱ्या एका मोठ्या जहाजावर चढलो. समुद्र शांत असावा, म्हणून आम्ही मुद्दाम पावसाळा टाळून हिवाळा निवडला होता. ओळखपत्रे, औषधे आणि एकेक जोड कपडे आम्ही हातातल्या लहान पिशवीत ठेवले होते. ही खबरदारी कामी आली. कारण मोठ्या पेट्या बंदरावरच जमा होतात आणि खोलीत पोहोचेपर्यंत काही तास जातात.

ते जहाज म्हणजे तरंगते नगरच होते! एकावर एक मजले, भोजनगृहे, नाट्यगृह, पोहण्याचा तलाव. मी वरच्या डेकवर चहा घेत मुंबईचा किनारा न्याहाळीत होतो. इतक्यात भोंगा वाजू लागला. सात आखूड आवाज आणि एक लांब आवाज. संकटकाळी सर्वांनी एकत्र जमावे, अशी ती खूण असते. आज ती केवळ सरावासाठी होती. प्रत्येक उताऱ्याने आपापल्या ठरलेल्या जागी जायचे होते. मी मनाशी म्हणालो, 'एवढ्या मोठ्या जहाजाला काय होणार? चहा संपवून जाऊ.'

नातीने माझ्या सदऱ्याची बाही ओढली. "आजोबा, तुम्हीच ना मला रामदास बोटीची गोष्ट सांगितलीत?"

मी चहा तसाच ठेवला. आम्ही पोहोचलो तेव्हा आमच्या तुकडीतील सगळे जमले होते आणि आमच्यासाठी खोळंबले होते. चाळीस वर्षे मी मुलांना वेळेवर येण्याचा उपदेश केला. त्या दिवशी मलाच मान खाली घालावी लागली. कर्मचाऱ्यांनी जाकीट कसे चढवावे, पट्टा कसा आवळावा, आपली जीवनौका कोणती, हे दाखवले. संकटात उद्वाहकाने न जाता जिन्यानेच जावे, हेही सांगितले. मग नातीने खोलीपासून त्या जागेपर्यंतचे जिने दोनदा मोजले आणि म्हणाली, "आता सोडू या वळकटी!"

हा सराव म्हणजे पोकळ उपचार नव्हे. त्यामागे मोठी किंमत मोजलेली आहे. 1912 साली 'टायटॅनिक' हे जहाज हिमनगावर आदळून बुडाले. त्यावर सुमारे 2,200 माणसे होती आणि जीवनौकांत जागा होती केवळ 1,178 जणांना. त्याहून खेदाची गोष्ट ही की, कित्येक नौका पुरत्या न भरताच खाली सोडल्या गेल्या. सुमारे पंधराशे जीव गेले. त्यानंतर 1914 साली अनेक राष्ट्रांनी लंडनला एकत्र येऊन सागरी सुरक्षिततेचा करार केला. तरीही माणूस पुनःपुन्हा गाफील राहतो. 13 जानेवारी 2012 च्या रात्री इटलीच्या जिल्यो बेटाजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' हे प्रचंड जहाज खडकावर आपटले आणि 32 माणसे मेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो उतारूंचा सराव तोपर्यंत झालेलाच नव्हता. 2015 पासून नियम बदलला. जहाज निघण्यापूर्वी किंवा निघताच हा सराव घ्यावा, असे ठरले. जहाज मोठे असले म्हणून समुद्र लहान होत नाही.

रात्री जहाज किंचित डोलू लागले आणि पत्नीला मळमळू लागले. शेजारच्या मेजावर रत्नागिरीकडचे एक निवृत्त खलाशी बसले होते. ते म्हणाले, "वहिनी, खोलीत पडून राहू नका, उघड्यावर चला, आणि नजर लांब क्षितिजावर ठेवा." आपल्या कानाच्या आतल्या भागात शरीराचा तोल सांभाळणारी इंद्रिये असतात. बंद खोलीत डोळे सांगतात, 'सारे स्थिर आहे'. कान सांगतात, 'आपण हेलकावत आहोत.' या दोन साक्षींचा मेळ बसत नाही, म्हणून मळमळते. चांदण्यात क्षितिजाची रेघ दिसत होती. तिकडे पाहत राहिल्यावर पत्नीला बरे वाटले. त्या गृहस्थांनी आणखीही सांगितले: खोली जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर घ्यावी, कारण तेथे हेलकावे कमी बसतात, पोट रिकामे ठेवू नये, तसेच गच्चही भरू नये, आणि वैद्यांच्या सल्ल्याने गोळी घ्यायची, तर ती आधीच घ्यावी. मग माझ्याकडे वळून ते हसत म्हणाले, "गुरुजी, जहाजावर चालताना एक हात कामाला आणि एक हात आधाराला!"

भोजनगृहाच्या दाराशी मात्र प्रत्येकाचे दोन्ही हात साबणाने धुतलेले हवेत. शेकडो माणसे एकाच ठिकाणी जेवतात, तेव्हा उलट्या-जुलाबांची साथ झपाट्याने पसरते. तिचे काही विषाणू नुसत्या जंतुनाशक द्रवाने नीट मरत नाहीत. साबण आणि पाणी हाच खरा उपाय.

दुसऱ्या दिवशी जहाज मुरगाव बंदराला लागले. परत येण्याची वेळ शिडीपाशी लिहिली होती. आम्ही तासभर आधीच परतलो. एक कुटुंब मात्र अगदी शेवटच्या क्षणी धापा टाकीत आले. मुले रडवेली झाली होती. आगगाडी चुकली तर दुसरी मिळते. जहाज चुकले तर पुढचे बंदर स्वतःच्या खर्चाने गाठावे लागते.

परतीच्या पहाटे नात मला हाक मारून डेकवर घेऊन गेली. पूर्वेला खांदेरी बेटावरील दीपगृह लुकलुकत होते. त्याला कान्होजी आंग्रे यांचे नाव दिले आहे. तिने हळूच विचारले, "आजोबा, रामदास कुठे बुडाली?"

मी मुंबई आणि रेवस यांच्यामधल्या समुद्राकडे बोट दाखवले. पाणी शांत होते. दूरवर कोळ्यांच्या होड्या चालल्या होत्या. आम्ही दोघांनी हात जोडले. समुद्राला भिऊन माझी आजी घरी बसली नाही, आणि त्याला कमीही लेखले नाही. प्रवासाला निघताना, मुलांनो, तुम्हीही तिचे ते वाक्य आठवा.

शब्दार्थ
वळकटी – गुंडाळलेले अंथरूण. उतारू – प्रवासी. पडाव – किनाऱ्यापर्यंत माणसे व माल नेणारी होडी. खलाशी – जहाजावर काम करणारा. उद्वाहक – वरच्या मजल्यावर नेणारा पाळणा, लिफ्ट.

अभ्यास
1. आजी वळकटी सोडण्याआधी जाकीट का पाहून येण्यास सांगे?
2. जहाज लागल्यावर मळमळ का होते? त्यावर कोणते उपाय पाठात सांगितले आहेत?
3. 'जहाज मोठे असले म्हणून समुद्र लहान होत नाही.' या वाक्याचा अर्थ पाठातील उदाहरणे देऊन स्पष्ट करा.
4. वाक्यांत उपयोग करा: मान खाली घालणे, कामी येणे, कमी लेखणे, गाफील राहणे.
5. आपल्या शाळेत आग लागल्यास कोणी कोठून बाहेर पडावे, याचा नकाशा वर्गात मिळून तयार करा.