दातांचा दवाखाना: डॉक्टर व्हायचं नसेल तर?

दिल्लीत कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या महाराष्ट्र सदनात प्रवेशाच्या दिवसांत गावाकडून आलेले आईवडील हमखास भेटतात. नीटला गुण कमी पडलेले असतात, बीडीएसची खासगी फी झेपणारी नसते. कुणी 'डेंटल असिस्टंट'चं नाव काढलं की आईचा चेहरा पडतो: म्हणजे डॉक्टरांच्या हाताखाली ट्रे धरायचा?

आज बहुतेक दवाखान्यांत खरोखर तसंच आहे. बारावी झालेली, क्वचित दहावी झालेली मुलगी येते आणि सक्शन धरणं, मापाचं मिश्रण कालवणं, ऑटोक्लेव्ह लावणं, अपॉइंटमेंट देणं हे सगळं बघून बघून शिकते. पगार मालकाच्या मर्जीवर. दहा वर्षं काढली तरी रुग्णाच्या दातावरचं किटण काढण्याचा अधिकार तिला मिळत नाही. 1948च्या दंतवैद्यक कायद्याने ते काम डॉक्टरखेरीज डेंटल हायजिनिस्टला दिलं: दात साफ करणं, पॉलिश करणं, निगा शिकवणं. कवळी बनवणाऱ्या मेकॅनिकचीही त्यात नोंदणी आहे. 2023मध्ये संसदेने मंजूर केलेल्या राष्ट्रीय दंत आयोग कायद्यातही डॉक्टरांबरोबर या सहायक वर्गाच्या नोंदवहीची तरतूद आहे.

म्हणून कोर्सचं माहितीपत्रक हातात आलं की शंभर टक्के प्लेसमेंटचं पान उलटून टाका आणि एकच विचारा: पास झाल्यावर माझं नाव कोणत्या नोंदवहीत लागेल? उत्तर गोलमोल आलं तर फी भरू नका.

दिल्लीत आलाच आहात तर मंडी हाउसहून व्हायोलेट लाइन धरा, केंद्रीय सचिवालयाला गाडी बदलून एम्सला जा. तिथे डेंटल ऑपरेटिंग रूम असिस्टंट आणि डेंटल हायजिन या दोन्हींत बीएस्सी करता येते. बारावीला जीवशास्त्र हवं आणि प्रवेश परीक्षा द्यावी लागते. जागा मोजक्याच असतात, तेव्हा दुसरा पर्याय हाताशी ठेवूनच अर्ज करा.

सहायकाच्या कामाची हद्द किती वाढू शकते, हे जर्मनीत दिसतं. तिथे हा तीन वर्षांच्या रीतसर प्रशिक्षणाचा व्यवसाय आहे: आठवड्यातले काही दिवस शाळा, बाकीचे दवाखान्यात, आणि शिकतानाच विद्यावेतन. पुढचं प्रशिक्षण घेतलेल्या सहायकाकडे डॉक्टर एक्स-रे, किटण काढणं, तात्पुरती कॅप बनवणं अशी कामं सोपवू शकतो. कोणती सोपवायची ते कायद्यातच लिहिलेलं आहे, आणि जबाबदारी डॉक्टरची. महाराष्ट्र सरकारने 2024मध्ये तिथल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्याच्या यादीत दंत सहायकही आहेत. पण जर्मन भाषा आल्याशिवाय पाऊल टाकू नका. खुर्चीत घाबरून बसलेल्या माणसाला धीर त्याच्याच भाषेत द्यावा लागतो. आणि पैसे मागणारा एजंट भेटला तर आधी जिल्ह्याच्या शासकीय कार्यालयात खातरजमा करा.

रक्त पाहून जिला भोवळ येते, तिने मात्र आधी एखाद्या ओळखीच्या दवाखान्यात आठवडाभर उभं राहून बघावं. फी त्यानंतर.