हाली आणि कलदार

सोलापूरहून तुळजापूर सुमारे ४५ किलोमीटर दूर आहे. आज हा प्रवास सहज होतो व एकच रुपया दोन्ही गावी चालतो. परंतु १९४८ पूर्वी तसे नव्हते. सोलापूर इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात होते, तर तुळजापूर हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होते. हद्द ओलांडली की राज्य बदले आणि राज्याबरोबर रुपयाही बदले.

इंग्रजी रुपयाला लोक ‘कलदार’ म्हणत; कारण तो कळेवर, म्हणजे यंत्रावर पाडलेला असे. निजामाच्या रुपयाला ‘हाली शिक्का’ असे नाव होते. हाली म्हणजे चालू. विसाव्या शतकातील हाली रुपयावर चारमिनारचे चित्र असे. दोन्ही रुपयांचे आणे सोळाच, आणि एका आण्याच्या पया बाराच. नाव एक, हिशेबाची रीत एक. मोल मात्र निराळे!

असे का बरे होते? १९४० पूर्वीचा कलदार रुपया ११.६६ ग्रॅम वजनाचा असे व त्यात शेकडा सुमारे ९२ भाग चांदी असे. हाली रुपया ११.१८ ग्रॅम वजनाचा असून त्यात चांदी शेकडा सुमारे ८२ भागच असे. चांदी कमी, म्हणून मोलही कमी. सरकारी हिशेबात ७ हाली रुपये म्हणजे ६ कलदार रुपये होत.

हा भेद ज्याला ठाऊक नसे, त्याची फसगत होण्यास वेळ लागत नसे. समजा, तुळजापूरकडील एखाद्या शेतकऱ्याने सोलापूरच्या पेठेत ज्वारी विकली व त्याला ६० कलदार रुपये मिळाले. गावी त्याला ७० हाली रुपये देणे आहे. नीट हिशेबाने नाणे बदलले, तर देणे पुरते फिटेल. परंतु ‘रुपयास रुपया’ असे म्हणून कोणी त्याच्या हातावर ६० हाली रुपये ठेवले, तर त्याच्या घामाचे १० रुपये वाया जातील आणि कर्जही शिल्लक राहील. तसेच देवीच्या दर्शनास गेलेल्या यात्रेकरूने एक हाली रुपयाच्या वस्तूबद्दल एक कलदार दिला, तर त्याला २ आणे ८ पया परत मिळावयास हव्यात. त्या न मागणाऱ्याचे नुकसान ठरलेलेच! बाजारातील भाव थोडा वरखाली होई व नाणे बदलून देणारा आपला बट्टाही कापून घेई. म्हणून जाणते लोक किंमत विचारताना आधी विचारीत, “हाली की कलदार?”

सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाची राजवट संपली व हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले. भारतीय रुपयाचे चलन तेथे सुरू झाले आणि हाली रुपया हळूहळू मागे पडला. १ एप्रिल १९५७ पासून भारतात रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. १९५९ मध्ये हाली शिक्का कायमचा बंद झाला.

तरीही ती जुनी सावधगिरी निरुपयोगी झालेली नाही. एकोणिसाव्या शतकात कित्येक मराठी कुटुंबे मजुरीसाठी हिंदी महासागरातील मॉरिशस बेटावर गेली. त्यांचे वंशज आजही तेथे राहतात. त्या बेटावरील नाण्यालाही रुपयाच म्हणतात. पण तो भारताचा रुपया नव्हे. तेथे जाणाऱ्याने त्या दिवसाचा भाव पाहावा, बट्टा किती ते विचारावे आणि मिळालेले पैसे तेथल्या तेथे मोजून घ्यावेत. नाण्याचे नाव ऐकून भुलू नये. त्याचे मोल जाणून घ्यावे.

शब्दार्थ : इलाखा – प्रांत; पेठ – बाजार; बट्टा – नाणे बदलताना कापलेली रक्कम.

प्रश्न :
१. हाली रुपयाचे मोल कलदारापेक्षा कमी का होते?
२. ४२ कलदार रुपयांचे हाली रुपये किती होतील?
३. परक्या मुलखात पैसे बदलताना कोणती काळजी घ्यावी?