अभ्यास पाठ : चिप्रोव्त्सीचे गालिचे आणि गोष्ट सांगणारी बाई

ताईंनो, या महिन्याचा पाठ जरा लांबचा आहे. आपल्याला बल्गेरियात जायचंय, तेही मनानेच, त्यामुळे तिकीट लागणार नाही. बल्गेरिया हा युरोपच्या आग्नेय कोपऱ्यातला देश. आकाराने महाराष्ट्राच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढा. 2021 च्या जनगणनेत तिथली सगळी लोकसंख्या भरली सुमारे 65 लाख. या देशाच्या वायव्य टोकाला, डोंगराच्या पायथ्याशी चिप्रोव्त्सी नावाचं छोटं गाव आहे. गाव छोटं, पण त्याला स्वतःचं संग्रहालय आहे, आणि तिथल्या बायकांनी विणलेले गालिचे जगभर माहीत आहेत.

संग्रहालय म्हटलं की आपल्याला राजाची तलवार नाहीतर तोफ आठवते. लोकजीवनाचं संग्रहालय वेगळं असतं. बल्गेरियात गावोगावी जुनी घरं अशी जपून ठेवली आहेत. आत काय असतं? चूल. जमिनीलगतचं बुटकं गोल टेबल, त्याला ‘सोफ्रा’ म्हणतात, सगळं घर त्याच्याभोवती बसून जेवायचं. पीठ मळायची लाकडी काठवट, पाळणा, मुलीच्या रुखवताची पेटी. थोडक्यात, बाईचं घर. आपण म्हणू, यात बघायचं काय, हे तर आमच्या माळ्यावर पडलंय!

इथेच माहिती सांगणाऱ्या बाईचं काम सुरू होतं. समजा भिंतीला एक कोरीव लाकडी काठी टेकवून ठेवली आहे. खाली चिठ्ठी, ‘सूतकताईची काठी, लाकूड’. चिठ्ठी वाचून आपण पुढे जाऊ. पण सांगणारी चांगली असेल तर ती आपल्याला तिथेच थांबवते. या काठीला ‘हुरका’ म्हणतात, तिच्या टोकाला लोकरीचा पुंजका बांधायचा, काठी कंबरेला खोचायची आणि हाताने चातीवर सूत काढत राहायचं. बाई रानातून चालताना, मेंढरं राखतानासुद्धा हात चालूच. आणि हे कोरीवकाम कुणाचं? बहुतेकदा पोराचं. आवडत्या मुलीला हुरका कोरून द्यायची तिथे रीत होती. आता हीच काठी तुम्ही पुन्हा बघा. मघाशी ती नुसती काठी होती.

पुढे ती ‘सेद्यांका’ची गोष्ट सांगेल. पिकं घरात आली, रात्री मोठ्या झाल्या की गावातल्या मुली एका घरी जमायच्या. कुणी सूत कातायची, कुणी विणायची, मक्याची कणसं सोलायची, आणि गाणी, कोडी, गोष्टी चालायच्या. पोरंही यायची, लग्नं जुळायची. म्हणजे बघा, काम एकीचं, पण बसायचं सगळ्यांनी मिळून. आपल्याकडे जात्यावर दोघी बसल्या की ओवी सुरू व्हायची, तसंच हे. एकटीला जड जाणारं काम बोलण्याने हलकं होतं हे त्यांनाही ठाऊक होतं.

आता चिप्रोव्त्सीकडे येऊ. 1688 साली या गावाने उस्मानी तुर्कांच्या सत्तेविरुद्ध उठाव केला. तो मोडून काढला गेला, गाव जाळून उद्ध्वस्त केलं गेलं आणि वाचलेली माणसं परागंदा झाली. त्याआधी हे गाव खाणींसाठी आणि सोनारकामासाठी नावाजलेलं होतं. पुढे गाव पुन्हा वसलं आणि नाव झालं ते लोकरीच्या विणकामाने.

विणकाम मुख्यतः बायकांचं. मेंढ्या पाळणं, लोकर तयार करणं, रंगवणं यात पुरुषांचा हात. माग उभा असतो, भिंतीला टेकवलेल्या मोठ्या चौकटीसारखा. बाई त्याच्यासमोर बसते, उभ्या ताण्यातून रंगीत लोकर आडवी ओवते आणि जड फणीने ती ठोकून घट्ट बसवते. गालिचा रुंद असेल तर तिघी-चौघी शेजारी शेजारी बसतात. धागे मोजून नक्षी उठवायची, म्हणून ती त्रिकोण-चौकोनांची असते. यात सुलटी-उलटी बाजूच नसते, दोन्हीकडून गालिचा सारखाच दिसतो. पूर्वी रंग झाडपाल्याचे असत. मंजिष्ठासारख्या मुळापासून लाल, अक्रोडाच्या सालीचा तपकिरी.

नक्षीला नावं आहेत. द्राक्षवेल, पिल्लं, कुंड्या, आरसे. एका नक्षीचं नाव तर चक्क ‘बॉम्ब’! सगळ्यात जुनी मानली जाते ती ‘काराकाचका’, म्हणजे काळ्या डोळ्यांची नवरी. दोन त्रिकोणांतून उभी केलेली बाईची आकृती. अनेक अभ्यासक तिला मातृदेवतेचं रूप मानतात. कुणी ‘नवरी’ दाखवली नाही तर आपल्याला ती दिसतच नाही. दाखवली की मग साऱ्या गालिच्यात तीच दिसत राहते.

नवा गालिचा मागावर चढवताना विणकरणी शुभ चिंततात, प्रार्थना करतात. विणताना गातात, गोष्टी सांगतात. आणि शिकवण्याची पद्धत? वर्ग नाही, पुस्तक नाही. आई आणि आजी मोठ्या गालिच्यावर बसल्या की मुलगी शेजारी बसते, तिचा हात तिथेच तयार होतो. 2014 साली युनेस्कोने चिप्रोव्त्सीची ही गालिचे विणण्याची परंपरा मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. अमूर्त म्हणजे हातात धरता न येणारा. एखादा गालिचा नाही, तर तो विणणाऱ्या हातातलं ज्ञान यादीत गेलं. मला यातलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं.

पण यादीत नाव गेलं म्हणून पोट भरत नाही. बल्गेरियाचा हा वायव्य भाग युरोपीय संघातल्या सर्वांत गरीब भागांपैकी एक आहे. तरुण मुली-मुलं सोफियाला किंवा परदेशात कामाला जातात. 1989 च्या सुमारास जवळपास 90 लाख असलेली देशाची लोकसंख्या कुठे आली ते वर वाचलंतच. मुलगी परगावी गेली तर आईशेजारी मागावर बसणार कोण? आणि यंत्रावरचा स्वस्त गालिचा दुकानात असताना महिनोन्‌महिने हाताने विणलेल्याचे जास्त पैसे गिऱ्हाईक का देईल? ते देतं, जर त्याला कुणी समोर बसवून मागावर फणी ठोकायला लावली, नवरी दाखवली, किती दिवस लागले ते सांगितलं तर. सांगणारीचं काम करमणुकीचं नाही, ते मालाच्या किमतीत मिळवायचं काम आहे. आपण प्रदर्शनाच्या स्टॉलवर गोधडी मांडतो आणि गिऱ्हाईकाने विचारलं की एवढंच म्हणतो, ‘सातशे रुपये’. पुढे गप्प.

चांगली सांगणारी काय करते ते लक्षात घ्या. ती सनावळीने सुरुवात करत नाही, एका माणसापासून करते. हात लावू देते. स्वतः बोलण्याआधी विचारते, ‘तुमच्याकडे याला काय म्हणतात?’ आणि ऐकून घेते. (बल्गेरियात एक गंमत आहे. तिथे ‘हो’ म्हणताना मान आडवी हलवतात आणि ‘नाही’ म्हणताना वरखाली. तेव्हा मान बघून निष्कर्ष काढू नका!) आणि नेमका आकडा सांगते. ‘खूप मेहनत’ असं कुणीही म्हणेल. किती जणी, किती दिवस, रोज किती तास, हे सांगितलं तरच समोरच्याला कळतं.

पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर अर्धा तास राखून ठेवा. प्रत्येकीने घरातली एक जुनी वस्तू आणायची, सूप, रवी, उखळाचं मुसळ, काहीही. ती कुणी वापरली, कुणाकडून आली, तिच्यावर रोज किती वेळ जायचा, हे दोन मिनिटांत सांगायचं. लिहून घेण्याचं काम गटाच्या सचिव ताईंनी एखाद्या शिकणाऱ्या मुलीकडे द्यावं. घरात सासूबाई किंवा आजी असतील तर त्यांनाच घेऊन या. वस्तू जड असली तर मोबाईलवर फोटो काढून आणला तरी चालेल.