फी नसलेलं शिक्षण

२०२२ च्या उन्हाळ्यात कराडच्या आमच्या घरात एकच वाक्य फिरत होतं : जर्मनीत फी नसते. बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये. अमेरिकेचा आकडा ऐकून ते दोन दिवस गप्प होते, जर्मनीचं ऐकल्यावर लगेच म्हणाले, "भर फॉर्म." ते वाक्य खोटं नव्हतं. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत दर सहा महिन्यांना दोनशे-तीनशे युरो वर्गणी भरली की झालं. (बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र युरोपीय संघाबाहेरच्या मुलांना सत्राला १,५०० युरो द्यावे लागतात, हे यादी करतानाच बघून ठेवा.) पण त्या एका वाक्याच्या भरवशावर आम्ही कर्ज कमी काढलं, आणि ते पुढे सगळ्या घराला निस्तरावं लागलं.

साडेसात लाखांच्या वर शैक्षणिक कर्ज हवं असेल तर सरकारी बँक सहसा तारण मागते. घर गहाण टाकायला बाबांचं मन होईना. मीही म्हटलं, फीच नाही तर कशाला? साडेसात लाख बँकेचे, अडीच लाख बाबांच्या पीएफचे. त्यातले सव्वाआठ लाख ब्लॉक्ड अकाउंटमध्येच गेले. व्हिसासाठी वर्षभराच्या राहण्याखाण्याची रक्कम आधीच एका खात्यात भरून दाखवावी लागते, आणि ती तुम्हाला दरमहा थोडी थोडी परत मिळते. तेव्हा ती १०,३३२ युरो होती, म्हणजे महिन्याला ८६१. उरलेल्यात तिकीट, गरम कपडे आणि खोलीची अनामत. अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी घेता येते, हे मला तिथे गेल्यावर कळलं.

ऑक्टोबरमध्ये पोचलो, ते एका ओळखीच्या मुलाच्या खोलीत जमिनीवर गादी टाकून. पत्त्याची नोंदणी करायची तर घरमालकाची सही लागते, ती मिळण्यासारखी नव्हती. नोंदणी नाही म्हणून बँकेत खातं नाही, आणि खातं नाही म्हणून ब्लॉक्ड अकाउंटमधले माझेच पैसे मला मिळेनात. पाच आठवड्यांनी खोली मिळाली, नोंदणी झाली, खातं उघडलं. मग कार्डाच्या पिनची वाट बघत बसलो. तिथे पोस्टमन खोली नंबर बघून पत्र टाकत नाही, पेटीवरचं आडनाव बघून टाकतो. माझ्या पेटीवर आधीच्या भाडेकरूचं नाव होतं. बँकेचं पत्र परत गेलं, ते पुन्हा यायला आणखी तीन आठवडे लागले. खात्यात ८६१ युरो पडलेले, आणि मी सकाळी पाव, रात्री पास्ता यावर दिवस काढत होतो. म्हणून सांगतो, पहिले दोन-तीन महिने निघतील इतके पैसे ब्लॉक्ड अकाउंटच्या बाहेर, हाताशी ठेवा. काही ठिकाणी ब्लॉक्ड अकाउंटसोबतच चालू खातंही मिळतं, ते इथूनच विचारून घ्या. आणि किल्ली हातात आली की आधी पेटीवर आडनाव चिकटवा.

खरा फटका वर्षभराने बसला. राहण्याचा परवाना वाढवायचा तर पुढच्या वर्षाची रक्कम पुन्हा दाखवावी लागते. ही गोष्ट मी कुठेतरी वाचली होती, पण तोवर नोकरी लागलेली असेल असं धरून चाललो होतो. जर्मन येत नव्हतं, म्हणून मिळालं ते गोदामातलं रात्रीचं काम. विद्यार्थ्याला तेव्हा वर्षाला १२० पूर्ण दिवस काम करता यायचं, आता १४० करता येतं. रात्रीच्या पाळ्यांपायी दोन विषय राहिले. मधल्या काळात रक्कम ११,२०८ युरो झाली आणि युरो ऐंशीवरून अठ्ठ्याऐंशीवर गेला. आदल्या वर्षी सव्वाआठ लाखांत झालेलं काम आता जवळजवळ दहा लाखांवर गेलं. बँकेत कर्ज वाढवून मागितलं, तर तारणासह नवा प्रस्ताव करा म्हणाले. परवाना संपायला सहा आठवडे उरले होते.

तीन लाख मामांनी दिले. साडेतीनच्या आसपास मी साठवले होते. उरलेल्या पैशांचं काय केलं ते बाबा फोनवर सांगेनात. दिवाळीत व्हिडिओ कॉलवर आई करंज्यांचं ताट दाखवत होती, तेव्हा तिच्या हातात नुसत्या काचेच्या बांगड्या दिसल्या. "पाटल्या कुठायत?" म्हटलं. "लग्नकार्यालाच घालायच्या रे त्या," म्हणाली. मला कळायला लागल्यापासून भांडी घासतानासुद्धा त्या तिच्या हातात असायच्या.

तेव्हा कर्जाचा अर्ज करताना पहिल्या वर्षाचा नव्हे, पूर्ण अभ्यासक्रमाचा हिशेब घाला, वर आणखी एक सत्र धरा. दोन वर्षांची पदवी अडीच वर्षांवर जाते, तीही चांगल्या मुलांची. मंजूर झालेली सगळी रक्कम उचलावी लागत नाही. व्याज उचललेल्या पैशांवरच लागतं, त्यामुळे जास्त मंजूर करून घेण्यात तोटा नाही. हे मला आधी कुणी समजावलं असतं तर तारणाला बाबाही तयार झाले असते असं मला वाटतं. शिकत असताना व्याज तेवढं दरमहा भरता आलं तर भराच, नाहीतर ते साठून मुद्दलात मिसळतं आणि हप्ता फुगतो. आता ब्लॉक्ड अकाउंटची रक्कम ११,९०४ युरो आहे आणि युरो शंभरीपार गेला आहे. हिशेब आजच्या दराने करू नका, दहा टक्के वरचा धरा. आणि कुणी एजंट महिनाभरासाठी खात्यात पैसे दाखवून देतो म्हणाला तर तिथूनच मागे फिरा. ते पैसे तो काढून घेईल, आणि परक्या गावात भाडं तुम्हालाच भरायचं असतं.

जर्मन इथेच शिका, बी-१ पर्यंत तरी. मला ती भाषा येत असती तर रात्रीचं गोदाम टळलं असतं, असं आजही वाटतं.

मी आता तिथेच नोकरीला आहे. मामांचे पैसे फिटले. चारपैकी दोन पाटल्या गेल्या दिवाळीत सोडवल्या. आई एकेका हातात एक घालते.