सुरतेची वखार आणि मराठा पलटणीचे बिगुल

बेळगावच्या महाविद्यालयात शिकणाऱ्याला मराठा लाइट इन्फन्ट्रीची ओळख करून देण्याची गरज नाही. कॅम्पातले बिगुल, झपझप पावले टाकत जाणारे जवान, त्यांच्या टोपीवरचा हिरवा-लाल तुरा, हे सर्व आपल्या रोजच्या पाहण्यातले. पण या रेजिमेंटच्या बिल्ल्यावर काय आहे आणि ते तेथे कसे आले, असा प्रश्न मी वर्गात विचारला तेव्हा फारसे कोणी बोलले नाही. ढाल आणि तलवारी सांगणारे तीन-चार निघाले. बिगुल एकाच विद्यार्थिनीला आठवले. ढाल-तलवार मराठ्यांची हे उघड आहे. बिगुल मात्र मराठ्यांचे नव्हे. आपल्याकडे तुतारी होती, शिंग होते, कर्णा होता. मग हे परके वाद्य ढाल-तलवारीशेजारी येऊन कसे बसले?

ते 'लाइट इन्फन्ट्री' या दोन शब्दांबरोबर आले. अठराव्या शतकात युरोपातील पायदळ खांद्याला खांदा लावून रांगेत लढत असे आणि हुकूम ढोलाच्या ठोक्यांवर दिले जात. रांग सोडून पांगून, झाडाझुडपांच्या आडोशाने लढणारे चपळ शिपाई वेगळे असत. त्यांच्यात जर्मन शिकारी आणि वनरक्षक बरेच होते. पांगलेल्या माणसांमागे ढोल घेऊन धावता येत नाही, म्हणून शिकारीचे शिंग आले. त्याचेच पुढे बिगुल झाले आणि चपळ पायदळाची ती खूण ठरली. चालही वेगळी ठरली : मिनिटाला 120 ऐवजी 140 पावले. कॅम्पातल्या जवानांची चाल आपल्याला धावती वाटते ती यामुळे.

ही पदवी पलटणींना फुकट मिळत नसे. आपल्या रेजिमेंटमध्ये ती प्रथम आली 1841 साली. पहिल्या अफगाण युद्धाच्या काळात, 1840 मध्ये, बलुचिस्तानातील काहून या गढीत मुंबईच्या 5व्या देशी पायदळाची एक तुकडी कॅप्टन लुइस ब्राउन याच्या हाताखाली मरी टोळ्यांच्या वेढ्यात सापडली. मदतीला आलेली फौज वाटेतील घाटातच मोडली. तरी या माणसांनी उन्हाळा आणि पावसाळा काढला, आणि सप्टेंबरअखेर मरी सरदाराशी बोलणी करून शस्त्रांसह ती बाहेर पडली. त्याबद्दल पलटणीला 'लाइट इन्फन्ट्री' म्हणवण्याचा मान मिळाला. तिच्या गणवेशाच्या कॉलरवर व बाह्यांवर काळी पट्टी असे आणि क्रमांक पाचवा होता, म्हणून तिला 'काली पांचवीं' म्हणू लागले. आज ती दुसरी मराठा लाइट इन्फन्ट्री आहे. क्रमांक बदलला तरी टोपणनाव टिकले आहे. अबिसिनियाच्या 1867-68 च्या मोहिमेनंतर 3ऱ्या आणि 10व्या पलटणीलाही हीच पदवी मिळाली. म्हणजे बिल्ल्यावरील बिगुल शोभेसाठी घातलेले नाही, ते उपाशी माणसांनी कमावलेले आहे.

लष्करी चिन्हांचे शास्त्र अमेरिकेत फार काटेकोरपणे पाळले जाते. तेथे प्रत्येक जुन्या पायदळ रेजिमेंटला स्वतःची चित्रांकित ढाल असते, आणि त्या ढालीवरील प्रत्येक रंगाचा व आकृतीचा अर्थ सरकारी दप्तरी लिहून ठेवलेला असतो. त्यांच्या 7व्या पायदळ रेजिमेंटच्या चिन्हात चक्क कापसाचा गठ्ठा आहे, कारण 1815 मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या लढाईत कापसाच्या गठ्ठ्यांची तटबंदी करून ही माणसे लढली, असे सांगतात. 'कॉटनबेलर्स' हे तिचे टोपणनावही त्यावरूनच पडले. मला हे वाचून गंमत वाटली. कापसाचा गठ्ठा जर कोणाच्या लष्करी चिन्हात शोभायचा, तर तो आमच्या मुंबई फौजेच्या! कारण या फौजेचा जन्मच कापडाच्या आणि कापसाच्या वखारीपाशी, सुरतेत झाला.

तेव्हा आता सुरतेकडे वळू. गेल्या हिवाळ्यात मला तेथे जाण्याचा योग आला. तापीकाठचा किल्ला 1540 ते 1546 या काळात बांधला गेला. अलीकडे त्याची डागडुजी करून आत संग्रहालय केले आहे. बुरुजावर उभे राहिले की नदी दिसते आणि चौक बाजाराची गर्दी ऐकू येते. या नदीतून माल हलत असे, आणि 1613 पासून इंग्रज कंपनीची वखार याच शहरात होती. आपण मराठी माणसे सुरत म्हटली की एकच गोष्ट आठवतो. जानेवारी 1664 मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर आले. मोगलांचा अधिकारी इनायतखान किल्ल्यात दडून बसला. इंग्रजांनी मात्र जॉर्ज ऑक्झेंडनच्या नेतृत्वाखाली वखारीचे दरवाजे लावून घेतले आणि आपला माल राखला. ऑक्टोबर 1670 मध्ये महाराज पुन्हा आले, तेव्हाही वखार वाचली. ऑक्झेंडन त्यापूर्वीच, 1669 मध्ये, सुरतेतच वारला होता. इंग्रजांच्या जुन्या दफनभूमीत त्या दोघा भावांची घुमटाची कबर आहे. ती बाहेरून एखाद्या मोगल उमरावाची वाटावी अशी बांधली आहे.

आता या दोन स्वाऱ्यांच्या मधले एक साल पाहा. पोर्तुगीजांकडून लग्नाच्या तहात मिळालेले मुंबई बेट इंग्लंडच्या राजाने 1668 मध्ये वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीला दिले. ते ताब्यात घेण्याचा कारभार सुरतेहून झाला, कारण पश्चिम किनाऱ्यावरील कंपनीचे मुख्य ठाणे सुरत होते आणि 1687 पर्यंत ते तेथेच राहिले. बेटावर राजाचे जे मूठभर गोरे सैनिक होते त्यांना कंपनीच्या नोकरीत येण्याची मुभा देण्यात आली. मुंबईच्या फौजेचा हा पहिला अंकुर. वखारीच्या राखणीला पगारी शिपाई हवा, हा धडा कंपनी ज्या स्वाऱ्यांतून शिकली त्यांत सुरतेच्या स्वाऱ्या होत्याच. पुढे 1759 मध्ये कंपनीने सुरतेचा किल्लाच घेतला. कागदोपत्री ती मोगल बादशहाची किल्लेदार झाली आणि तटावर मोगलांचे आणि इंग्रजांचे अशी दोन निशाणे फडकू लागली. चिन्हांचा अभ्यास करणाऱ्याने ही जोडी विसरू नये. खरी सत्ता कोणाची आणि नाव कोणाचे, हे त्या दोन काठ्यांवर स्पष्ट लिहिलेले होते.

त्यानंतर नऊ वर्षांनी, 1768 मध्ये, कंपनीच्या मुंबई सरकारने देशी शिपायांच्या नियमित पलटणी उभ्या केल्या. त्यांतली 'बाँबे सिपॉईज'ची दुसरी पलटण म्हणजे आजची पहिली मराठा लाइट इन्फन्ट्री, 'जंगी पलटण'. हेच रेजिमेंटचे जन्मसाल. या पलटणींत कोकणातले मराठे होते, मुसलमान होते, महार होते, बेने इस्रायलही होते. 'मराठा' हे नाव तेव्हा कोणत्याही पलटणीला नव्हते, आणि असण्याचे कारणही नव्हते. उलट सात वर्षांतच, मार्च 1775 मध्ये, रघुनाथरावाने इंग्रजांशी सुरतेचा तह केला, आणि मुंबईचे शिपाई कर्नल कीटिंगबरोबर गुजरातेत उतरून 18 मे 1775 रोजी अडासला पुण्याच्या फौजेशी लढले. कंपनीच्या पगारावरचा मराठा पेशव्यांच्या मराठ्याशी लढला. हे आपल्याला आवडो न आवडो, घडलेले आहे.

आपल्या अंकाच्या कन्नड विभागातील वाचकांनाही या इतिहासात अशीच एक अवघड जागा भेटेल. कोडगूच्या सीमेवर 6 मार्च 1799 रोजी टिपूने मुंबईच्या फौजेवर हल्ला केला. ती लढाई इंग्रजी दप्तरात 'सिदासीर' म्हणून नोंदली गेली. तेथे मुंबईच्या ज्या तीन पलटणी अडकल्या, त्यांतल्या दोन आजच्या पहिल्या आणि दुसऱ्या मराठा पलटणीच्या पूर्वज. पुढे श्रीरंगपट्टणही आले. 'म्हैसूर', 'सिदासीर', 'श्रीरंगपट्टण' हे रणसन्मान दीर्घकाळ त्यांच्या नावापुढे होते. स्वातंत्र्यानंतर भारतीय सैन्याने निर्णय घेतला की देशी राज्यांविरुद्ध मिळालेले असे सन्मान पलटणींनी मिरवायचे नाहीत. निर्णय योग्यच होता. पण विद्यार्थ्याने हे लक्षात ठेवावे की निशाणावरून नाव काढले म्हणून दप्तरातून ते जात नाही, आणि जाऊही नये.

जाता जाता एक खुलासा. पहिल्या पलटणीच्या जुन्या सन्मानांत 'गुजरात' असे एक नाव आढळते, आणि ते पाहून सुरतेतील माझ्या एका स्नेह्यांनी मोठ्या उत्साहाने आपल्या प्रांताशी नाते जोडले. ते गुजरात पंजाबातले, चिनाबजवळचे. तेथे 21 फेब्रुवारी 1849 रोजी शिखांचा शेवटचा मोठा पराभव झाला. स्नेही थोडे खट्टू झाले खरे. पण इतिहासात नावसारखेपणाने असे घात पुष्कळ होतात.

'मराठा' हे नाव आले 1903 मध्ये. किचनेरच्या फेररचनेत मुंबईच्या पलटणींच्या जुन्या क्रमांकात शंभर मिळवण्यात आले : 3ऱ्याची 103वी, 5व्याची 105वी, 10व्याची 110वी, आणि त्यांच्यापुढे 'मराठा' शब्द लागला. इंग्रजी लिपीत तो पूर्वी एक जादा 'एच' आणि दोन 'टी' घालून लिहीत. पहिल्या महायुद्धात यांतील 103वी, 110वी आणि 117वी मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्यात होत्या. 147 दिवसांनी, 29 एप्रिल 1916 रोजी, उपासमारीने ते ठाणे पडले, आणि कैदेत गेलेल्यांतील कितीतरी परत आले नाहीत. कोकण-देशावरच्या कित्येक घरांत त्या सालाचे सुतक आहे. 1922 मध्ये या सर्व पलटणी एकत्र करून 5वी मराठा लाइट इन्फन्ट्री झाली, आणि 114वी ही शिकाऊ पलटण म्हणून बेळगावी आली. आपल्या गावाचे नाते तेथून पक्के झाले.

माझ्या दृष्टीने या साऱ्या कथेचा मर्मबिंदू आहे मार्च 1941, ठिकाण एरिट्रियातील केरेनचा डोंगर. समोर इटालियन फौज, उभी चढण. रेजिमेंटची परंपरा अशी सांगते की याच मोहिमेत 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' ही घोषणा रणघोषणा म्हणून स्वीकारली गेली. विचार करा. ज्या कंपनीने महाराजांपुढे सुरतेत वखारीची दारे लावून घेतली, तिने उभारलेल्या पलटणी पावणेदोनशे वर्षांनंतर इंग्रज बादशहाच्या गणवेशात, आफ्रिकेतल्या डोंगरावर, महाराजांच्या नावाने चढाई करत होत्या. हे नाव शिपायांच्या ओठांवर कोणी हुकूम देऊन आणले असेल, असे मला वाटत नाही. ते घरूनच बरोबर आलेले असणार. एप्रिल 1945 मध्ये इटलीत सेनियो नदीवर शिपाई नामदेव जाधव यांनी जखमींना पाण्यातून आणि सुरुंगांतून पाठीवर वाहून आणले. मग हाताला जखम असल्याने बंदूक चालेना, तर त्यांनी हातबाँबने मशिनगनची ठाणी बंद पाडली आणि बांधावर चढून मराठ्यांची रणघोषणा देत मागच्यांना पुढे बोलावले. व्हिक्टोरिया क्रॉसच्या त्यांच्या सरकारी मानपत्रातच त्या घोषणेचा उल्लेख आहे. बादशहाच्या सर्वोच्च पदकाच्या कागदावर महाराजांचा जयजयकार नोंदला गेला, तो असा.

रेजिमेंट आपला दिवस साजरा करते तो 4 फेब्रुवारीला. त्या तारखेला 1670 मध्ये तानाजी मालुसरे यांनी सिंहगड घेतला. म्हणजे जन्म 1768 चा आणि दिवस 1670 चा, तोही महाराजांच्या दुसऱ्या सुरत-स्वारीच्याच वर्षातला. काही चिकित्सक मित्र याला बनावट वंशावळ म्हणतात. मला ते पटत नाही. बनावट वंशावळीत खरा बाप लपवावा लागतो. येथे 1768 हे साल रेजिमेंट स्वतःच अभिमानाने सांगते, आणि बिल्ल्यावर ढाल-तलवारीच्या शेजारी परके बिगुलही ठेवते. जन्म कोणाच्या घरी झाला हे माणसाच्या हाती नसते. कोणाचे नाव घेऊन मरायचे हे मात्र या माणसांनी स्वतः ठरवले, आणि ठरवले ते युद्धभूमीवर.

केरेनला लढलेल्या 3ऱ्या पलटणीची, म्हणजे जुन्या 110वीची, पुढची हकीगत सांगून थांबतो. माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे याच पलटणीचे. 10 जुलै 1944 रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीतील बाकीचे सगळे पडले. तेव्हा त्यांनी एकट्याने मशिनगनवर झेप घेतली आणि गोळ्या संपल्यावर बंदुकीच्या दस्त्याने उरलेले शत्रू लोळवले. तेथेच लपून मारलेल्या गोळ्यांनी ते पडले. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. ही पलटण 1952 मध्ये पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली आणि 2री पॅरा झाली. टोपीवर बिगुलाच्या जागी पंख आले, पण नावापुढे कंसात 'मराठा' राहिले. डिसेंबर 1971 मध्ये बांगलादेशच्या युद्धात जंगी पलटण जमालपूरला पाकिस्तानी फौजेची परतीची वाट अडवून बसली होती, आणि 11 डिसेंबरला तिची ही पंख लावलेली धाकटी बहीण तेथून दक्षिणेला, टांगाईलच्या शेतांत, आकाशातून उतरत होती.