विकीला किती वाचू द्यायचं?

घरच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून मी डोकुविकी चालवतो. शेतीचे हिशेब, सातबाराच्या प्रती, वडिलांच्या डीटीपीच्या धंद्यातल्या फायली, माझी टिपणं, सगळ्याचा पत्ता एका जागी लागावा म्हणून. आंद्रेआस गोर यांनी २००४ साली काढलेल्या या विकीला डेटाबेस लागत नाही. प्रत्येक पान म्हणजे एक साधी टेक्स्ट फाइल. उद्या विकी बंद पडला तरी मजकूर आपल्या हातात राहतो. मग साहजिकच वाटतं, डिस्कवर आधीपासून असलेल्या फायलीही पुन्हा न चिकटवता इथेच दिसाव्यात. ही अपेक्षा रास्त आहे. फक्त ती पुरी करताना काय काय उघडं पडू शकतं, हे आधी पाहून घ्यायला हवं.

बहुतेक जण सुरुवातीला पानात फाइलच्या पत्त्याची लिंक टाकतात. लिंक दिसते, पण क्लिक केलं की काहीच होत नाही. ब्राउझरचा कन्सोल उघडला तर तिथे लाल अक्षरांत नकार असतो. विकी त्याच लॅपटॉपवर असला तरी ब्राउझरच्या लेखी ते सर्व्हरवरून आलेलं पान आहे, आणि अशा पानाला डिस्कला हात लावू द्यायचा नाही हा त्याचा नियम आहे. फायरफॉक्स तर जुलै २०१९ मधल्या ६८व्या आवृत्तीपासून, डिस्कवरून थेट उघडलेल्या पानालाही शेजारची फाइल वाचू देत नाही. एकाच एचटीएमएल फायलीत मावणारा टिडलीविकी डबल क्लिकने उघडला, तर शेजारचं चित्र दिसतं आणि शेजारचा मजकूर दिसत नाही, ते यामुळेच. हे नियम ढिले करणारी बटणं ब्राउझरमध्ये आहेत आणि ती दाबण्याचा सल्ला देणारेही पुष्कळ भेटतात. तो सल्ला मानू नका. ती सवलत सहसा एकट्या तुमच्या विकीला मिळत नाही, त्या ब्राउझरात तशाच प्रकारे उघडणाऱ्या इतर पानांनाही मिळते.

म्हणजे फाइल वाचायचं काम सर्व्हरनेच करायला हवं. डोकुविकीसाठी तशी प्लगइन मिळतात: पानात फाइलचा पत्ता लिहायचा, प्लगइन ती वाचून मजकूर पानात आणतं. खरी जोखीम इथे सुरू होते, कारण आता वाचणारा तुम्ही नसून वेब सर्व्हर असतो. त्याला जे जे वाचता येतं ते ते पान उघडणाऱ्या कुणालाही दिसू शकतं.

नवं प्लगइन आलं की रोजच्या वापरात घेण्याआधी मी त्याला उलटसुलट पत्ते देऊन पाहतो. असंच एक होतं. त्याच्या सेटिंगमध्ये टिपणांचा फोल्डर नेमून दिला होता, तेवढ्यातूनच ते वाचेल अशी अपेक्षा. पानात मी पत्त्याच्या आधी दोन टिंबं आणि तिरकी रेघ, पुन्हा दोन टिंबं आणि तिरकी रेघ, असं वर वर चढत गेलो आणि शेवटी विकीच्या युजर फायलीचं नाव लिहिलं. पान सेव्ह केलं. समोर ओळ आली: लॉगिनचं नाव, पासवर्डचा हॅश, खरं नाव, ईमेल, गट, मध्ये कोलन. माझीच ओळ. तिच्याखाली विकीवर खातं असलेल्या माझ्या बहिणीची. पानात बदल करायची परवानगी असलेल्या कुणालाही हे करता आलं असतं. ते प्लगइन मी त्याच दिवशी काढून टाकलं.

म्हणून प्लगइनचा कोड वाचता येत असेल तर एवढं नक्की बघा: दिलेला पत्ता आधी पूर्ण उलगडून, म्हणजे टिंबं आणि सिमलिंक सोडवून, मग तो नेमलेल्या फोल्डरच्या आत आहे का हे तपासलं जातं की नाही. त्यातही एक बारीक खोच आहे. तपासणी नुसती सुरुवातीची अक्षरं जुळवणारी असेल, तर ‘कागद’ फोल्डरला दिलेली परवानगी ‘कागद-खासगी’ या शेजारच्या फोल्डरलाही लागू होते. नावाच्या शेवटची तिरकी रेघही जुळवायला हवी.

कोड वाचता येत नसेल तरी हरकत नाही. माझा भर आता प्लगइनच्या शहाणपणावर नाहीच. दाखवायच्या फायलींचा एक वेगळा फोल्डर केला आहे, तो विकीला रीड-ओन्ली जोडला आहे आणि विकी डॉकरच्या कंटेनरमध्ये चालतो. घराच्या किल्ल्यांचा जुडगा देण्याऐवजी एका खोलीची किल्ली द्यावी, तसं. बँकेचे आणि आजारपणाचे कागद त्या फोल्डरात जातच नाहीत. डॉकर वापरणार असाल तर पोर्ट १२७.०.०.१ ला बांधा. नुसता पोर्ट उघडला तर डॉकर स्वतःचे नियम लावतो आणि यूएफडब्ल्यू फायरवॉलने अडवलंय असं तुम्हाला वाटत असताना तो पोर्ट नेटवर्कला खुला असतो.

सोपा म्हणून आणखी एक मार्ग सुचवला जातो: फोल्डर वेब सर्व्हरलाच थेट दाखवायला सांगायचा. दिसतं झकास. पण विकीचं लॉगिन त्या फायलींना लागू होत नाही. पत्ता ठाऊक असलेला माणूस पासवर्डशिवाय आत येतो. डोकुविकीच्या मीडिया फोल्डरातून दाखवलेल्या फायलींना मात्र त्याच्या परवानग्या लागू राहतात. तिथे नावं लहान अक्षरांत, मोकळ्या जागा न ठेवता लिहावी लागतात. मी तो त्रास आनंदाने घेतो.

आता मराठी मजकुराचं. वडिलांच्या फायली श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टांतल्या, म्हणजे युनिकोड नसलेल्या. त्यातली एक लग्नपत्रिका विकीत आणली तर पान कोरं. फाइल तर भरलेली होती. कारण पीएचपीत सापडलं: मजकूर पानात सुरक्षितपणे टाकण्यासाठी जे फंक्शन वापरतात, ते ८.१ आधीच्या आवृत्त्यांत यूटीएफ-८ मध्ये न बसणारा एक बाइट आला तरी काहीही तक्रार न करता रिकामा मजकूर परत करतं. ८.१ पासून त्या बाइटच्या जागी प्रश्नचिन्हाची चौकट येते, म्हणजे निदान बिघाड दिसतो तरी. पान कोरं दिसलं म्हणून ते फंक्शनच काढून टाकू नका. वेबवरून सेव्ह केलेल्या एचटीएमएल फायलीतली स्क्रिप्ट तुमच्या लॉगिनच्या अधिकाराने चालू नये, हे तेच पाहतं. उपाय एकच: फाइल कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणायची, जोडाक्षरं डोळ्यांनी तपासायची आणि मूळ फाइल शेजारी जपून ठेवायची. आमच्या पत्रिकेत रफार तेवढे भलत्या अक्षरांवर बसले होते.

मराठीत पानांची नावं देणाऱ्यांनीही सांभाळावं. डोकुविकी मूळ सेटिंगमध्ये फाइलचं नाव टक्केवारीच्या खुणांत लिहितो. त्यात देवनागरीचं एकेक चिन्ह, काना-मात्रा धरून, नऊ बाइट खातं. लिनक्समध्ये नावाची मर्यादा २५५ बाइट, म्हणजे शेवटचं एक्स्टेन्शन वगैरे धरून सव्वीस-सत्तावीस चिन्हांत नाव संपलं. नाव यूटीएफ-८ मध्येच ठेवायचं सेटिंग सुरुवातीलाच निवडा, पानं वाढल्यावर ते बदलणं जिकिरीचं होतं.

बाकी दोन गोष्टी. फाइल बदलली तरी पानात जुनाच मजकूर दिसत असेल तर तो कॅशचा परिणाम आहे. डोकुविकी तयार पान साधारण दिवसभर जपून ठेवतो. त्या पानापुरती कॅश बंद करायची खूण पानातच लिहिता येते. आणि विकीचा इतिहास व शोध फक्त पानाच्या मूळ मजकुराचा असतो. बाहेरून आणलेल्या फायलीतला शब्द शोधात सापडणार नाही, तिच्यात कुणी काय बदललं हेही कळणार नाही. म्हणून मी फाइल दाखवणाऱ्या प्रत्येक पानावर तिच्यात काय आहे ते दोन ओळींत लिहितो, गावांची आणि माणसांची नावं घालून. बॅकअप घेताना विकीच्या डेटासोबत तो वेगळा फोल्डरही घेतो, आणि अधूनमधून दुसऱ्या मशीनवर दोन्ही उतरवून, पानं उघडून पाहतो.